जलजीवालयातील गोगलगायी

जलजीवालयातील गोगलगायी : गोड्या पाण्याच्या, वनस्पती लावलेल्या जलजीवालयात काचेवर, वाळूवर व पानांवर साचणारी शैवले खाण्यासाठी ज्या शंखधारी मृदुकाय प्राण्यांना मुद्दाम ठेवण्यात येते, त्यांचा समावेश मॉलस्का संघाच्या गॅस्ट्रोपोडा म्हणजे उदरपाद वर्गात होतो. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण वरकरणी गरीब दिसणाऱ्या कावेबाज माणसाला उद्देशून वापरली जात असली, तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती तंतोतंत खरी आहे. गॅस्ट्रोपोडा या ग्रीक संज्ञेचा अर्थही तोच होतो. म्हणीतील लाक्षणिक अर्थही या प्राण्याला अगदीच गैरलागू आहे असे मात्र म्हणता येत नाही. शैवलभक्षक गोगलगायीच्या उपयोगाचा इतिहास १८४९ मध्ये लंडन येथे एका रसायनशास्त्रज्ञाने तळ्यातील पाच-सहा गोगलगायी काचेच्या टाकीत सोडल्या तेथून सुरू होतो. माणसाने परमुलखातून आणलेली दुसरी एक गोगलगाय मोकळी सुटल्यावर काय करू शकते, हे २०२२ च्या खरीप हंगामात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद), लातूर व बीड या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी अनुभवले. हे दोन प्रसंग एकमेकांपासून दूरचे वाटले, तरी त्यांचा एकत्र विचार केल्याशिवाय या उपायाचे खरे मोल ध्यानात येत नाही.

गोगलगायीच्या मुखात रेत्रिका नावाची फितीसारखी रचना असते. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या आडव्या ओळी असतात व कानशीने लाकूड घासावे त्याप्रमाणे ती पृष्ठभाग खरवडते. पुढचे दात झिजले की मागून नवे दात पुढे सरकतात. शैवलाचा पातळ थर बसलेल्या काचेवरून गोगलगाय गेल्यावर तिच्या वाटेवर नागमोडी स्वच्छ पट्टा दिसतो, तो या खरवडण्यामुळे. या पद्धतीने करंडक वनस्पतींचा तपकिरी थर आणि हरित शैवलांची मऊ पूड सहज निघते. परंतु क्लॅडोफोरासारखी चिवट तंतुमय शैवले, पानांच्या कडांना दाढीसारखी वाढणारी काळसर तांबडी शैवले व पाण्यावर बुळबुळीत चादर पसरणारी नील-हरित शैवले यांपुढे बहुतेक गोगलगायींचे काही चालत नाही. खाल्लेल्या शैवलाचा पुष्कळसा भाग विष्ठेच्या व अमोनियाच्या रूपाने पुन्हा पाण्यातच येतो. म्हणजे गोगलगाय शैवलाचा थर हलविते, पण त्याला पोसणारी द्रव्ये टाकीबाहेर नेत नाही. ती द्रव्ये वाढत्या जलवनस्पतींनी शोषून घेतली तरच स्वच्छता टिकते. शोभिवंत मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात या मर्यादेचा उल्लेख फारसा येत नाही. उपायाच्या आद्य प्रयोगात मात्र ती नीट ओळखली गेली होती.

इतिहास : चीनमध्ये सुवर्णमत्स्य पाळण्याची प्रथा सुंग राजवटीपासून प्रचलित होती, परंतु हे मासे हौदांत किंवा मातीच्या कुंडांत ठेवीत व पाणी वारंवार बदलीत. पारदर्शक व बंदिस्त टाकीतील पाणी न बदलता जीव जगविण्याची कल्पना सुचण्यास हवेच्या रसायनशास्त्राची प्रगती व्हावी लागली. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ मध्ये वनस्पतींचे हिरवे भाग सूर्यप्रकाशात ऑक्सिजन बाहेर टाकतात हे प्रयोगांनी दाखविले. लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद काचपात्रात नेचे व इतर वनस्पती दीर्घकाळ जगतात असे आढळले. सिसिलीतील मेसीना येथे जान व्हीलप्रो-पॉवर या फ्रेंच स्त्री-निसर्गशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. समतोल जलजीवालयाची सामग्री याप्रमाणे जमत आली होती, पण तीत गोगलगायीला अद्याप स्थान नव्हते.

ते स्थान रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) यांनी दिले. वॉरिंग्टन हे लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत (सोसायटी ऑफ अपॉथेकरीज) रसायनशास्त्रज्ञ होते आणि १८४१ मध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. त्यांनी १२ गॅलन (सुमारे ५५ लि.) मापाच्या काचपात्रात निम्म्यापर्यंत झऱ्याचे पाणी घेतले, तळाशी वाळू, चिखल व दगडगोटे घातले, त्यांत व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस या जलवनस्पतीचे एक रोप लावले आणि दोन लहान सुवर्णमत्स्य सोडले. वनस्पतीने ऑक्सिजन पुरवावा व माशांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड तिने घ्यावा, अशी ही योजना होती. काही काळ सारे ठीक चालले. पुढे व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर व पाण्याच्या पृष्ठभागावर हिरवा बुळबुळीत थर चढला आणि माशांचा जीव धोक्यात आला.

वॉरिंग्टन यांनी पाणी बदलले नाही. निसर्गातील तळ्यात कुजके पान कोण खाते, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला व लिम्निया स्टॅग्नॅलिस या तळ्यातील गोगलगायीचे पाच-सहा नग टाकीत सोडले. थोड्याच अवधीत कुजकी पाने व हिरवा थर नाहीसा होऊन पाणी निवळले. शिवाय गोगलगायींनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. म्हणजे गोगलगाय घाण खाई, तिची अंडी मासा खाई, माशाची विष्ठा वनस्पतीला खत होई आणि वनस्पतीचा ऑक्सिजन दोघांनाही मिळे. ४ मार्च १८५० रोजी केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हा निबंध वाचला. प्राणी व वनस्पती या दोन सृष्टींमधील परस्परसंबंध असा जुळविता येतो की दोहोंचे जीवनव्यापार कायम चालू राहतात, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता.

या निबंधातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. वॉरिंग्टन यांनी गोगलगायीला सफाई कामगाराचे नव्हे, तर साखळीतील एका दुव्याचे काम दिले होते. तिच्या मागे वाढती वनस्पती होती व तिच्या संख्येवर अंडी खाणाऱ्या माशांचा अंकुश होता. पुढच्या पाऊणशे वर्षांत छंद पसरला तसे हे दोन्ही आधार विसरले गेले आणि ‘टाकीत गोगलगाय सोडा, शेवाळ जाईल’ एवढेच सूत्र उरले.

छंदाचा प्रसार फार वेगाने झाला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडण्यात आले. फिलिप हेन्री गॉस यांचा द ॲक्वेरियम हा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याने हा शब्दच इंग्रजीत रूढ केला. लंडनमध्ये विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांच्यासारखे व्यापारी टाक्या, वनस्पती व जलचर प्राणी विकू लागले. याच लॉइड यांचे विचार पुढे बदलले, हे लक्षणीय आहे. हँबर्ग (१८६४) व लंडनच्या क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मोठ्या जलजीवालयांत त्यांनी पाण्याचे सतत अभिसरण व अंधारातील साठवण-टाक्या यांवर भर दिला. प्रकाश आवरला की शैवल आवरते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. विसाव्या शतकात प्राण्यांच्या श्वसनाला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून हवेमधून मिळतो असे दिसून आले आणि न्यूयॉर्क ॲक्वेरियममधील जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये ‘समतोल जलजीवालय’ ही एक दंतकथा असल्याचे प्रतिपादन केले. वायूंच्या देवघेवीपुरते हे खरे आहे. तथापि वॉरिंग्टन यांच्या प्रयोगातील शैवलासंबंधीचे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही. १९८५ मध्ये स्वीडनमधील क्रिस्टर ब्रोनमार्क यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोगलगायींनी पानांवरील शैवले चरल्यास सेरॅटोफायलम ही जलवनस्पती अधिक चांगली वाढते असे आढळले. पानावरचा पडदा निघाला की त्याला प्रकाश मिळतो, आणि वाढणारी वनस्पती पाण्यातील पोषक द्रव्ये घेऊन शैवलाची उपासमार करते. शैवल-नियंत्रणाचे खरे काम अशा रीतीने वनस्पतीच करते. गोगलगाय तिचे पान उघडे ठेवते.

भारतात पहिले सार्वजनिक जलजीवालय मद्रास येथे १९०९ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले व मराठी घरांत काचेच्या टाकीचे आकर्षण पोहोचविण्यात त्याचा वाटा मोठा होता. भारतीय गोगलगायींचा शास्त्रीय परिचय मात्र याहून कितीतरी जुना आहे. जगभरच्या जलजीवालयांत आज ‘मलेशियन’ म्हणून विकली जाणारी, वाळूत शिरणारी निमुळत्या शंखाची मेलॅनॉइड्स ट्युबर्क्युलेटा ही गोगलगाय डॅनिश शास्त्रज्ञ ओ. एफ. म्यूलर यांनी १७७४ मध्ये वर्णिली, ती कोरोमंडल किनाऱ्यावरील नमुन्यांवरून. व्यापारी नाव मूळ गावाचा पत्ता नेहमीच खरा सांगत नाही, याचे हे चांगले उदाहरण होय. एच. बी. प्रेस्टन यांनी १९१५ मध्ये भारतीय गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांवर ग्रंथ लिहिला; कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयातील नेल्सन ॲनन्डेल व बैनी प्रसाद यांनी ही परंपरा पुढे नेली. बैनी प्रसाद यांचा पिला ग्लोबोझा या मोठ्या गोगलगायीच्या शरीररचनेवरील १९२५ चा प्रबंध विशेष प्रसिद्ध आहे. अनेक दशके भारतीय महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गोगलगाय भेटली ती जिवंत शैवलभक्षक म्हणून नव्हे, तर विच्छेदनाच्या तबकातील पिला म्हणून.

धाराशिव जिल्हा व स्थानिक जाती : बालाघाटच्या पठारावर वसलेल्या या जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना जाते. मांजरा व तेरणा या नद्यांचे पाणी गोदावरीला, तर सीना व बोरी यांचे भीमेला मिळते. प्रदेश पर्जन्यछायेतील असल्याने बहुतेक ओढे उन्हाळ्यात आटतात आणि पाणी साठविण्याची परंपरा जुनी आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत १६१३ मध्ये बांधलेला बंधारा व त्यातील पाणीमहाल, तुळजापूरचे कल्लोळ तीर्थ, गावोगावच्या बारवा, अलीकडचे पाझर तलाव आणि शेततळी ही तिची निरनिराळी रूपे होत. अशा साठलेल्या, उथळ व उन्हात तापणाऱ्या पाण्यात शैवल माजते, हे कोणाही गावकऱ्याला सांगावे लागत नाही. पाणी उतरू लागले की विरघळलेली पोषक द्रव्ये दाट होतात आणि हिरवेपणा वाढतो.

दक्षिण पठारावरील अशा जलाशयांत ज्या गोगलगायी सर्वत्र आढळतात, त्यांपैकी प्रत्येकीला टाकीत सारखाच उपयोग नाही. पिला ग्लोबोझा ही सर्वांत ठळक. तिला क्लोम व फुप्फुस-कोश अशी दोन्ही श्वसनेंद्रिये असतात. पाणी आटले की ती चिखलात शिरून, प्रच्छदाने शंखाचे दार लावून ग्रीष्मनिद्रा घेते आणि पावसाळ्यात पुन्हा बाहेर येते. अवर्षणाच्या प्रदेशाला शोभेल असाच हा प्राणी आहे. परंतु तिचे आवडते खाद्य म्हणजे व्हॅलिस्नेरियासारख्या कोवळ्या जलवनस्पती. वॉरिंग्टन यांनी जे रोप वाचविण्यासाठी गोगलगाय आणली, तेच रोप ही गोगलगाय फस्त करते. वनस्पती लावलेल्या टाकीत तिला ठेवणे म्हणजे बागेच्या राखणीला शेळी बांधणे होय.

बेलामिया बेंगालेन्सिस ही पट्टेदार शंखाची गोगलगाय अंडी न घालता पिलांना जन्म देते. ती तळाचा गाळ चरते व पाण्यातील तरंगते कणही गाळून घेते. झाडांना ती उपद्रव देत नाही, पण तिला पोटभर गाळ लागतो आणि फार स्वच्छ टाकीत ती उपासाने मरते. मेलॅनॉइड्स ही दिवसा वाळूत व रात्री काचेवर असते. वाळू खालीवर केल्याने ती घट्ट होत नाही. तिच्या माद्या बहुधा नराशिवायच प्रजोत्पादन करतात, त्यामुळे एकीच्या शेकडो व्हायला फार दिवस लागत नाहीत. ती किती झाली हे पाहून टाकीत माशांचे खाद्य किती जादा पडते याचा अंदाज करता येतो. हा तिचा उपयोग शैवल खाण्याहून मोठा आहे, असे म्हटले तरी चालेल. लिम्निया अ‍ॅक्युमिनाटा व चपट्या चक्राकार शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या दोन्ही उभयलिंगी आहेत. त्या पारदर्शक जेलीतील अंड्यांचे पुंजके पानांखाली चिकटवितात आणि शैवल चांगले चरतात. इंडोप्लॅनॉर्बिसच्या रक्तात हीमोग्लोबिन असल्याने कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही ती तग धरते. २० से. तपमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, तर ३० से. तपमानाला जेमतेम साडेसात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा फरक जीवघेणा ठरू शकतो. शैवलभक्षणाच्या एकाच निकषावर निवड करायची, तर या दोन जातींना पहिला क्रमांक द्यावा लागेल. पण निवड एकाच निकषावर करता येत नाही.

रोगवाहक गोगलगायी : पर्णाभ-कृमींच्या जीवनचक्रात गोगलगाय मध्यस्थ पोषक असते. अंड्यातून निघालेला डिंभ गोगलगायीच्या शरीरात शिरतो, तेथे त्याची संख्या अनेक पटींनी वाढते आणि शेपटीयुक्त सूक्ष्म डिंभ पुन्हा पाण्यात उतरतात. गुरे, म्हशी व शेळ्यामेंढ्या यांच्या यकृतातील फॅसिओला जायगँटिका हा कृमी लिम्निया गटातील गोगलगायींमधून पसरतो. १९३३ मध्ये मद्रास येथे एम. ए. एन. राव यांनी गुरांच्या नाकात गाठी निर्माण करणाऱ्या व त्यामुळे श्वासाबरोबर घोरल्यासारखा आवाज आणणाऱ्या शिस्टोसोमा नेझेल या कृमीचे वर्णन केले. त्याचा मध्यस्थ पोषक इंडोप्लॅनॉर्बिस होय. माणसाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावचे आहे. शिस्टोसोमाजन्य मूत्ररोग हा आफ्रिका व पश्चिम आशिया यांचा रोग समजला जात असे. १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ व एस. एन. शाह यांनी गिमवी येथील रुग्णांत तो असल्याचे दाखविले आणि पुढे फेरिसिया टेन्युइस ही गोगलगाय त्याची मध्यस्थ पोषक असल्याची नोंद केली. फेरिसिया काही मिमी. लांबीची, टोपीसारख्या शंखाची असते. दगडावर वा पानावर बसून ती शैवलाचा थर चरते आणि नवख्या नजरेला पानावरचा डाग वाटते. हे रोगक्षेत्र मर्यादितच राहिले, हे सुदैव. तथापि सर्वांत निरुपद्रवी दिसणाऱ्या शैवलभक्षकाच्या अंगातही काय दडलेले असू शकते, हे त्यावरून कळून येते. ज्या पाणवठ्यावर गुरे उतरतात, तेथून गोगलगायी वेचून घरच्या टाकीत सोडू नयेत आणि हात बुडवून त्या साफ करू नयेत, हा नियम यातूनच निघतो. टाकीतच अंड्यातून वाढलेल्या पिढीला मात्र हा संसर्ग नसतो, कारण कृमीचे चक्र पूर्ण होण्यास सस्तन प्राणी वा इतर अंतिम पोषक लागतो व काचेच्या आत तो नसतो.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनीक बेटावर १९८० नंतरच्या दशकात मेलॅनॉइड्स ट्युबर्क्युलेटाच्या प्रसारामुळे तेथील रोगवाहक बायोम्फॅलेरिया गोगलगाय मागे हटली व शिस्टोसोमाजन्य रोगाला आळा बसण्यास मदत झाली. त्या बेटापुरता लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु हीच मेलॅनॉइड्स इतर काही कृमींची मध्यस्थ पोषक आहे आणि एकदा जलाशयात रुजली की ती काढता येत नाही.

काचेबाहेरील गोगलगायी : वॉरिंग्टन यांच्या प्रयोगाच्या दोनच वर्षे आधी, १८४७ मध्ये, मॉरिशसहून आणलेली मूळची पूर्व आफ्रिकेतील महाकाय गोगलगाय कलकत्त्याच्या चौरंगी भागातील एका बागेत सोडली गेली. शंखांचे अभ्यासक डब्ल्यू. एच. बेन्सन यांनी तिचे नमुने हौसेने भारतात आणले होते. तिचे शास्त्रीय नाव आता लिसाकॅटिना फ्युलिका असे आहे. ती जलचर नाही, शैवल खाण्यासाठी आणलेलीही नाही. येथे तिचा उल्लेख करण्याचे कारण वेगळे आहे. दोन-चार जीव कुतूहलाने एका बागेत सोडले, तर त्याचा हिशेब पावणेदोनशे वर्षांनी भलत्याच माणसाला द्यावा लागतो, हे तिने दाखविले. भारतात पसरलेली ही गोगलगाय महाराष्ट्रात शंखी गोगलगाय म्हणून ओळखली जाते. २०२२ च्या पावसाळ्याच्या आरंभी धाराशिव, लातूर व बीड या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची नुकती उगवलेली रोपे जमिनीलगत कुरतडली. अनेकांना दुबार, तर काहींना तिबार पेरणी करावी लागली व राज्य शासनाला या नुकसानीसाठी विशेष मदत मंजूर करावी लागली. सायंकाळी व पहाटे हाताने वेचून मिठाच्या वा साबणाच्या पाण्यात टाकणे, गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे बांधावर पसरून त्यांखाली जमलेल्या गोगलगायी नष्ट करणे आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरणे हे उपाय योजले गेले. रात्री बॅटरीच्या उजेडात बादल्या घेऊन शेतात फिरणाऱ्या कुटुंबांना गोगलगाय हा ‘उपयुक्त प्राणी’ आहे, असे सांगणे सोपे नाही.

जलचर गोगलगायींनीही असे केले आहे. दक्षिण अमेरिकेतील पोमॅसिया कॅनॅलिक्युलाटा ही गोगलगाय खाद्य म्हणून १९८० च्या सुमारास तैवानमध्ये आणली गेली व तेथून आग्नेय आशियातील भातशेतीत पसरली. शोभेच्या व्यापारातही तिचे भाईबंद होते. तिने भाताची रोपे खाल्ली हे सर्वश्रुत आहे, पण शैवलाच्या संदर्भात तिचा दुसरा परिणाम अधिक अर्थपूर्ण आहे. निल्स कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये थायलंडमधील पाणथळ जागांच्या अभ्यासातून दाखविले की, ही गोगलगाय जलवनस्पती संपविते, त्यांत अडकलेली पोषक द्रव्ये पाण्यात मोकळी होतात आणि पूर्वी निवळशंख असलेले पाणी शैवलांनी हिरवे होते. १८४९ च्या टाकीत पाणी निवळले आणि थायलंडच्या दलदलीत ते हिरवे झाले. दोन्ही ठिकाणी प्राणी गोगलगायच होती. एक कुजके पान व काचेवरचा थर खात होती, दुसरी जिवंत वनस्पती खात होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी पोमॅसियाच्या बहुतेक जातींच्या वाहतुकीवर निर्बंध घातले व यूरोपीय संघाने २०१२ मध्ये या संपूर्ण वंशाच्या आयातीस व प्रसारास बंदी केली.

अलीकडील प्रथा : १९८० नंतर जपानमधील ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांच्या प्रभावाने दाट वनस्पतींची, निसर्गदृश्यासारखी मांडलेली जलजीवालये जगभर लोकप्रिय झाली. आमानो यांनी शैवलासाठी गोगलगायीऐवजी गोड्या पाण्यातील कोळंबीवर भर दिला. गोगलगायींमध्ये नेराइट गटाला मागणी आली. नेराइट जिवंत पाने खात नाहीत, काच व दगड घासूनपुसून काढतात आणि त्यांच्या डिंभांना वाढीसाठी मचूळ वा खारे पाणी लागत असल्याने गोड्या पाण्याच्या टाकीत त्यांची संख्या वाढत नाही. पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी मात्र त्या लाकडा-दगडांवर चिकटवितात व ती घासून काढणे हे मोठे कष्टाचे काम असते. या गटातील काही जाती कोकणच्या खाड्यांत खारफुटीच्या आसपासही असतात. समुद्रापासून दूर असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात पळाल्या तरी ज्यांचा वंश रुजणार नाही, अशा या गोगलगायी असल्याने तेथील हौशी पालकांसाठी त्याच सर्वांत योग्य ठरतात. गोगलगायी फार झाल्यास त्यांना खाणारी आग्नेय आशियातील दुसरी गोगलगाय आणून सोडण्याची प्रथाही रूढ झाली आहे. एका परक्या जीवावर दुसरा परका जीव हा उपाय फारसा शहाणपणाचा दिसत नाही.

टाकीत दोन-तीन गोष्टींकडे लक्ष दिले नाही तर कोणतीही जात टिकत नाही. शंख कॅल्शियम कार्बोनेटाचा असल्याने त्याला दुष्फेन पाणी मानवते. बेसाल्टी प्रदेशातील विहिरींचे पाणी या बाबतीत बहुधा सोयीचे असते. पण वनस्पतींच्या वाढीसाठी टाकीत कार्बन डाय-ऑक्साइड सोडला तर पाणी अम्लधर्मी होऊन शंखाचे टोक झिजू लागते. माशांच्या रोगांवरील मोरचूदयुक्त औषधांनी मासा वाचतो, पण गोगलगाय मरते, कारण तांबे तिला विषारी आहे. दिव्याचा प्रकाश रोज सहा ते आठ तासांपुरता ठेवला व खाद्य मोजके टाकले, तर शैवल मुळातच कमी येते आणि सुमारे ५० लि.च्या टाकीला दोन-तीन नेराइट पुरतात. त्यांना उपाशी ठेवायचे नसेल, तर टाकीच्या मागच्या काचेवरील शैवल राहू द्यावे.

नको असलेल्या गोगलगायी टाकीत येतात त्या बहुधा विकत आणलेल्या वनस्पतींबरोबर. मूळची उत्तर अमेरिकेतील फायसा ही डावीकडे वळलेल्या शंखाची छोटी गोगलगाय याच मार्गाने जगभर गेली. अंड्यांचे पुंजके एक ते तीन आठवड्यांत फुटतात. म्हणून नवी वनस्पती तितके दिवस निराळ्या भांड्यात ठेवून, पाने उलटून पाहून मगच लावतात. टाकीतून काढलेल्या गोगलगायी व टाकीचे पाणी नाल्यात, तलावात किंवा शेततळ्यात टाकीत नाहीत. गोगलगायी शीतपेटीत गोठवून किंवा कडक उन्हात शंखासह ठेचून व वाळवून मातीत पुरतात आणि पाणी झाडांच्या आळ्यांत, जेथून ते वाहून जाणार नाही अशा जागी, ओततात.